वासुदेव बळवंतांना आपले म्हणण्याची किंमत

मुंबईहून गोव्याच्या वाटेला लागलेला प्रवासी पळस्पे फाट्यावर दक्षिणेकडे वळला, की थोड्याच अंतरावर शिरढोण हे गाव लागते. त्याच्या पुढे कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. पनवेलची खाडी मागे टाकून पेणच्या मिठागरांकडे जाणाऱ्या या वाटेवरच्या शिरढोणात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. आज त्या गावी त्यांचे स्मारक आहे, मुंबईत धोबीतलावाजवळच्या चौकाला त्यांचे नाव आहे, १९८४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले आणि शालेय पुस्तकांत ते आद्य क्रांतिकारक म्हणून विराजमान झाले आहेत. त्यांच्या प्रतिमेला हार घालताना आज कोणालाही मागेपुढे पाहावे लागत नाही.

१८७९ साली मात्र या माणसाला आपले म्हणणे ही महागात पडणारी गोष्ट होती. नोकरी, अब्रू, सरकारदरबारचा विश्वास आणि वृत्तपत्रांतील आपली प्रतिमा यांपैकी एखाद्या तरी गोष्टीवर पाणी सोडण्याची तयारी असल्याखेरीज त्यांचे नाव सहानुभूतीने उच्चारता येत नव्हते. वासुदेव बळवंतांचे चरित्र आपण बहुधा त्यांच्या साहसाच्या अंगाने वाचतो. त्यांच्याभोवती उठलेल्या वादळाच्या अंगाने ते वाचले, तर आजही उपयोगी पडेल असे पुष्कळ काही हाती लागते.

हिशेब खात्यातील कारकून

फडके घराण्याचा कर्नाळ्याशी जुना संबंध होता. आजोबा अनंतराव हे या किल्ल्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, कर्नाळा इंग्रजांकडे गेला आणि घराण्याच्या वैभवाचा त्याबरोबरच शेवट झाला. नातवाच्या वाट्याला आली ती त्या काळच्या मध्यम स्थितीतील तरुणाला ठाऊक असलेली वाट : थोडे इंग्रजी शिक्षण, ते अर्धवट सोडून रेल्वेत कारकुनी, नंतर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात नोकरी आणि शेवटी पुण्यास लष्कराच्या हिशेब खात्यात दीर्घकाळ चाकरी. सरकारी फौजेच्या रसदीचे आकडे तपासणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. पुढे सरकारविरुद्ध शस्त्र उचलणारा हा मनुष्य आपल्यातील असंख्य नोकरदारांसारखाच दहाच्या ठोक्याला कचेरीत जाणारा होता, हे विसरता कामा नये.

या नोकरीतच त्यांच्या मनाला पहिला चटका बसला. आई आजारी असल्याचे कळूनही रजा वेळेवर मिळाली नाही आणि ते शिरढोणला पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढे वर्षश्राद्धासाठीही रजा नाकारली गेली. चरित्रकारांनी या घटनेला मोठे महत्त्व दिले आहे आणि ते योग्यही आहे. परंतु एका रजेच्या अर्जावरून कोणी राज्य उलथवावयास निघत नाही. पुण्यात त्याच सुमारास एक नवे सार्वजनिक जीवन आकार घेत होते आणि हा कारकून त्यात ओढला गेला होता.

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभेची स्थापना झाली. तिचे प्राण होते गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यास आल्यावर या सभेला वैचारिक बैठक लाभली. देशी धंदे कसे बुडाले, शेतसारा कसा वाढला आणि देशातील संपत्ती बाहेर कशी जाते, यावर रानडे व्याख्याने देत. ती ऐकणाऱ्यांत वासुदेव बळवंत होते. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्या बरोबरीने त्यांनी जी शिक्षणसंस्था उभारली, तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने नावारूपास आली. मातंग समाजातील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते कसरत आणि शस्त्रविद्या शिकले. सुटीच्या दिवशी स्वतः थाळी वाजवीत फिरून ते आपल्याच व्याख्यानाची दवंडी देत. दुसरी पत्नी गोपिकाबाई यांना त्यांनी लिहावाचावयास शिकविले. तोपर्यंतचे हे चरित्र एका उत्साही सुधारकाचे आहे.

दुष्काळ आणि एक पौंड धान्य

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस गेला. पुढील दोन वर्षांत दक्षिण हिंदुस्थानात जो संहार झाला, त्यातील मृत्यूंचे अभ्यासकांचे अंदाज पन्नास लाखांच्या वर जातात. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत लॉर्ड लिटन यांनी राणी व्हिक्टोरियाला सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यासाठी दरबार भरविला. त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल दुष्काळी कामांचा खर्च आवरण्यासाठी दक्षिणेत निघाले. खडी फोडणाऱ्या प्रौढ मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर जुजबी रोकड एवढे पुरे, असा दंडक त्यांनी घातला. एक पौंड म्हणजे आजच्या मापाने अर्ध्या किलोपेक्षाही कमी. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी या मजुरीवर काम करण्यास नकार देऊन कामे सोडली. सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. काटकसरीचा तो दंडक घालणारे टेंपल साहेब १८७७ मध्येच मुंबईचे गव्हर्नर झाले.

दुष्काळात अन्न मुळीच नसते असे नाही. अन्न विकत घेण्याची शक्ती गरिबाच्या हातून जाते. हे आज अर्थशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. वासुदेव बळवंतांनी ते शास्त्र म्हणून वाचले नव्हते. त्यांनी दुष्काळी मुलूख पाहिला होता आणि लष्कराच्या रसदीचे आकडे तर रोज त्यांच्या टेबलावर असत. एका बाजूला फौजेच्या भत्त्यांचे आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगाराचे रकाने, दुसऱ्या बाजूला एक पौंड धान्य. हिशेबनिसाला या दोन रकान्यांची बेरीज जुळेना. १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जखते जाळली होती. त्यावर सरकारने चौकशी आयोग नेमला होता, पण चौकशीने कोणाचे पोट भरले नव्हते. अर्जविनंत्यांचा मार्ग संपला, असा निष्कर्ष वासुदेव बळवंतांनी काढला. रानडे आणि सार्वजनिक काका यांनी तसा निष्कर्ष काढला नाही. येथे गुरू आणि शिष्य यांचे मार्ग वेगळे झाले.

पाच महिन्यांचे बंड

फेब्रुवारी १८७९ मध्ये त्यांनी पुणे सोडले आणि २३ फेब्रुवारीस शिरूर तालुक्यातील धामारी गावावर पहिला छापा घातला. त्यांच्या बरोबर सुशिक्षित तरुण फारच थोडे होते. आले ते रामोशी, आणि त्यांच्या मागून इतर डोंगरी जमातींचे लोक. टोळ्या चोहीकडे पाठवाव्या, तारा तोडाव्या, तुरुंग फोडावे आणि अखेर प्रजासत्ताक स्थापावे, अशी त्यांची योजना होती. त्यासाठी पैसा हवा, म्हणून सावकार आणि धनिक यांच्या घरांवर छापे घालण्यात आले.

येथेच त्यांच्या चरित्रातील वादाचे मूळ आहे आणि त्याकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांची घरे लुटली गेली ते इंग्रज नव्हते, याच देशाचे लोक होते. लुटीची वाटणी हेच ज्यांचे उद्दिष्ट होते असे काही साथीदार टोळीत होते, याची खंत स्वतः वासुदेव बळवंतांनी आपल्या आत्मवृत्तात नोंदविली आहे. त्यांना दरोडेखोर म्हणणाऱ्यांचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते. पुढे १९६९ मध्ये एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने जगभरच्या अशा लोकनायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरकार ज्याला गुन्हेगार ठरविते आणि गावकरी ज्याला आपला कैवारी मानतात, असा मनुष्य दुष्काळ, कर्जबाजारीपणा आणि अन्याय यांच्या जमिनीतच उगवतो, असे त्यांना आढळले. वासुदेव बळवंतांचे वेगळेपण एवढेच, की त्यांच्या लुटीमागे राज्याची एक कल्पना होती.

मे महिन्यात त्यांनी जाहीरनामा काढला. गरिबांना काम द्या, कर कमी करा, गोऱ्या अधिकाऱ्यांचे अवाढव्य पगार उतरवा, अशा त्यातील मागण्या होत्या. त्या न मानल्यास सरकारी माणसांना गाठू, अशी धमकीही होती. सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावले, तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नर टेंपल यांच्या शिरावर बक्षीस लावले. त्याच सुमारास, १० आणि ११ मे रोजी, त्यांचे सर्वांत भरवशाचे साथीदार दौलतराव नाईक हे रामोशी पुढारी घाट उतरून पनवेलकडे आले आणि त्यांनी पळस्पे व चिखली येथे मोठी लूट केली. लूट घेऊन घाटाकडे परतत असताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठले आणि त्या चकमकीत दौलतराव पडले. बंडाचा कणा तेथेच मोडला.

प्रश्न बदलला

या घटनेला दोन दिवस होतात न होतात तोच १३ मे १८७९ च्या रात्री पुण्यातील बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. बुधवारवाडा भस्मसात झाला. ही आग फडक्यांच्या माणसांनीच लावली, असा समज क्षणार्धात पसरला आणि मुंबईच्या इंग्रजी पत्रांनी आरोपांची राळ उडविली. फडके हे निमित्त असून खरे सूत्रधार पुण्याचे शिकलेले ब्राह्मण आहेत, सार्वजनिक सभा ही राजद्रोहाची शाळा आहे, असा त्या लिखाणाचा रोख होता. स्वतः गव्हर्नर टेंपल यांनी त्या उन्हाळ्यात व्हाइसरॉय लिटन यांना लिहिलेल्या पत्रात हाच संशय विस्ताराने मांडला. देशी भाषांतील पत्रांवर लिटनच्या १८७८ च्या कायद्याची टांगती तलवार होती. मराठी संपादकाने बंडखोराविषयी एक सहानुभूतीचा शब्द लिहिला तरी जामीन आणि छापखाना दोन्ही गमावण्याची भीती होती. फडक्यांशी आपला काही संबंध नाही, हे पटवून देण्यात पुण्यातील प्रतिष्ठितांची सारी शक्ती खर्च होऊ लागली.

रानड्यांना याची झळ प्रत्यक्ष लागली. नाशिकहून त्यांची तातडीने धुळ्यास बदली झाली. तेथे त्यांच्या टपालावर नजर ठेवली गेली. बंडखोरांच्या नावाने त्यांना पत्रे येऊ लागली आणि ती त्यांनी सरळ अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली. ते सापळे होते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींत त्या दिवसांचे वर्णन केले आहे. संशय फिटून १८८१ मध्ये त्यांची मुंबईस नेमणूक झाली. याच दशकात आयर्लंडच्या पार्नेल यांच्यावरही असाच प्रसंग ओढवला. १८८७ मध्ये लंडनच्या टाइम्सने त्यांचा संबंध खुनी कटाशी जोडणारी पत्रे छापली आणि १८८९ मध्ये ती बनावट असल्याचे उघड झाले. साम्राज्याच्या दोन टोकांना एकच रीत वापरली गेली.

बुधवारवाड्याच्या आगीचे पुढे काय झाले? सरकारी पुस्तक भांडारातील एका नोकराने अफरातफर लपविण्यासाठी ती लावली, असे निष्पन्न होऊन त्याला शिक्षा झाली. फडक्यांचा त्या आगीशी संबंध नव्हता. परंतु खुलासा येईपर्यंत वादळाने आपले काम केले होते. शेतकरी उपाशी का मेला, हा १८७७ चा प्रश्न होता. १८७९ च्या मे महिन्यात त्याची जागा एका वेगळ्या प्रश्नाने घेतली : फडक्यांच्या पाठीशी कोण आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरकारला द्यावे लागले असते, दुसऱ्याचे पुणेकरांना द्यावे लागत होते. एखाद्या वादग्रस्त माणसाभोवती आरोपांचा गदारोळ उठतो तेव्हा त्याचा सर्वांत मोठा परिणाम हाच असतो. उत्तर देण्याची जबाबदारी एका खांद्यावरून उतरून दुसऱ्यावर जाते. दुष्काळाची कारणे सांगणारा आणि बंडाची तरफदारी करणारा यांतील भेद पुसला गेला, की कारणे सांगणारेच गप्प बसतात.

काकांचे वकीलपत्र

२० जुलै १८७९ च्या रात्री विजापूरकडील देवर नावदगी या गावी, तापाने ग्रासलेल्या अवस्थेत, मेजर डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी वासुदेव बळवंतांना पकडले. त्यांना पुण्यास आणून संगमाजवळ कोठडीत ठेवण्यात आले. त्यांचे आत्मवृत्त आणि रोजनिशी यांचाच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला. अशा वेळी वकीलपत्र घेण्यास कोण धजणार? वकिलाची सनद सरकारच्या हाती, अशील गव्हर्नरच्या शिरावर बक्षीस लावणारा, आणि वृत्तपत्रे सूत्रधाराच्या शोधात.

सार्वजनिक काकांनी वकीलपत्र घेतले. सूत्रधार म्हणून ज्या सभेकडे बोट दाखविले जात होते, तिचाच हा प्रमुख कार्यकर्ता उघडपणे आरोपीच्या बाजूस उभा राहिला. त्यांच्या बरोबरीने महादेव चिमणाजी आपटे यांनीही बचावाचे काम केले. पुढे पुण्यात आनंदाश्रम स्थापन करणारे ते हेच आपटे. काका हे सनदशीर मार्गाचे कट्टर पुरस्कर्ते होते, दरोडे त्यांना मान्य असणे शक्यच नव्हते. त्यांनी फडक्यांचा मार्ग आपला म्हटला नाही. त्यांचे दुःख मात्र आपले म्हटले, आणि कायद्याने मिळणारा बचाव या माणसालाही मिळाला पाहिजे असा आग्रह धरला. आपण आज जिला पाठिंबा म्हणतो, त्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी कठीण आहे. मार्ग पटला की पाठीशी उभे राहणे सोपे असते.

नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले. दरम्यान एक विलक्षण गोष्ट घडली होती. ज्यांना गमावण्यासारखे काही नव्हते, अशा सामान्य माणसांनी न्यायालयाच्या बाहेर आणि रेल्वे स्थानकावर त्यांना पाहण्यासाठी गर्दी केली. कलकत्त्याच्या अमृत बझार पत्रिकेने त्यांच्या देशप्रीतीचा मुक्तकंठाने गौरव केला. ही पत्रिका देशी भाषांवरच्या कायद्यातून सुटण्यासाठी १८७८ मध्ये इंग्रजीत निघू लागली होती, म्हणूनच तिला ते शक्य झाले. आणि त्याच वर्षी सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा संमत केला. बंडखोर कोठडीत होता, त्याने दाखविलेली जखम मात्र सरकारच्या कागदावर मान्य झाली होती.

एडन

जानेवारी १८८० मध्ये वासुदेव बळवंतांना एडनला नेण्यात आले. त्याच महिन्यात पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे तरुण सहकारी न्यू इंग्लिश स्कूल सुरू करीत होते. एक वर्षाने केसरी निघाला. शाळा आणि वृत्तपत्र हाती घेणारी नवी पिढी उभी राहत होती, आणि एकट्याने शस्त्र उचलणारा माणूस समुद्रापार बंद झाला होता. सार्वजनिक काका २५ जुलै १८८० रोजी वारले. ऑक्टोबर १८८० मध्ये वासुदेव बळवंतांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांसह उखडून पलायन केले, पण काही मैलांवरच ते पुन्हा पकडले गेले. पुढे क्षय आणि अन्नत्याग यांनी शरीर झिजत गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे सदतीस वर्षांचे होते. गोपिकाबाई पुढे विसाव्या शतकातही हयात होत्या. पतीच्या बंडाची किंमत त्यांनी सर्वांत दीर्घकाळ मोजली आणि त्याबद्दल त्यांना कोणी विचारले नाही.

आजचे आपलेपण

आज वासुदेव बळवंतांना आपले म्हणण्यात सर्व पक्ष एकत्र येतात, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु या आपलेपणात काय घेतले आणि काय वगळले, हे पाहिले पाहिजे. आपण त्यांची तलवार घेतली. त्यांचा जाहीरनामा किती जणांनी वाचला आहे? रोजगार, कर आणि सरकारी खर्च या विषयांवरच्या त्यातील मागण्या आजच्या कोणत्याही अंदाजपत्रकाच्या चर्चेत शोभतील. दौलतराव नाईकांचे नाव पळस्प्याच्या परिसरातील किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? ज्या रामोशांच्या बळावर बंड उभे राहिले, त्यांच्याकडे इंग्रज सरकारने पिढ्यान्‌पिढ्या संशयाने पाहिले आणि आपल्या समाजानेही ती दृष्टी बराच काळ सोडली नाही.

१८७९ च्या टीकाकारांनी वासुदेव बळवंतांना केवळ दरोडेखोर ठरविले आणि दुष्काळाचा प्रश्न बाजूला सारला. आपण त्यांना केवळ वीर ठरविले, तरीही तोच प्रश्न बाजूला पडतो. निंदा आणि पूजा या दोन्ही वाटांनी माणसाच्या म्हणण्यापासून दूर जाता येते. त्या काळच्या शिक्षकांना आणि कारकुनांना भित्रे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. नोकरीवर घर चालणाऱ्याची भीती खरी असते, आणि आजही अशा प्रसंगी आपल्यापैकी कितीजण तोंड उघडतात हे ज्याने त्याने आपल्याशी ताडून पाहावे. मात्र भीतीच्या त्या दिवसांतही एका वकिलाने, मतभेद कायम ठेवून, आरोपीशेजारी उभे राहण्याची हिंमत दाखविली. दरवर्षी १७ फेब्रुवारीला शिरढोणला हार घेऊन जाणाऱ्यांनी वासुदेव बळवंतांच्या बरोबर सार्वजनिक काकांचे आणि दौलतराव नाईकांचेही स्मरण करावे. आणि विद्यार्थ्यांना पाच महिन्यांच्या बंडाची गोष्ट सांगण्यापूर्वी एक पौंड धान्य हातात तोलून दाखवावे. बंड का झाले, हे मग वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.